नेत्याच्या पोटात काय आहे, हे ओळखता येतं का?

सप्टेंबर 1938. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन विमानानं जर्मनीला गेले आणि बेर्खटेसगाडेनला, डोंगरातल्या एका घरात, हिटलरच्या समोर बसले. चेंबरलेन तेव्हा 69 वर्षांचे होते, राजकारणात मुरलेले. परत आल्यावर त्यांनी बहिणीला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं की, या माणसाच्या चेहऱ्यावर मला कठोरपणा दिसला, निर्दयपणाही दिसला, पण एकदा शब्द दिला की हा माणूस तो पाळेल असं मला वाटलं.

महिना संपता संपता म्युनिकचा करार झाला: चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा भाग हिटलरला द्यायचा, आणि त्यानं तिथेच थांबायचं. आणि 15 मार्च 1939 ला जर्मन सैन्य चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरलं.

नमस्कार. आज मला बोलायचंय ते आपल्या एका सवयीबद्दल. कुठलाही नेता टीव्हीवर दिसला की आपण लगेच त्याच्या मनात शिरायला बघतो. हा असं का बोलला? याचा खरा डाव काय? हा माणूस आतून कसा असेल? संशय घेणं चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर संशय घ्यायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. आपण तो संशय जिथे उत्तर मिळूच शकत नाही, अशा जागी खर्च करतो.

चेंबरलेनचंच बघा. ते चेहरा वाचत बसले. पण चेहरा वाचायची गरज होती का? जुलै 1936 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रियाचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला होता. मार्च 1938 मध्ये त्यानं ऑस्ट्रिया गिळला. म्हणजे चेंबरलेन समोर जाऊन बसले त्याच्या सहाच महिने आधी. शब्द पाळणारा माणूस आहे की नाही, याचं उत्तर सगळ्या जगासमोर पडलेलं होतं.

[स्क्रीनवर: 54 टक्के]

आता हा आकडा. समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं त्याच्याकडे बघून आणि ऐकून आपण किती ओळखतो? बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी 2006 मध्ये याविषयीच्या शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. सरासरी निघाली 54 टक्के. नाणं उडवलं तर 50 टक्के येतात. आणि हे साध्या माणसांबद्दल. ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायचं प्रशिक्षण मिळालंय, ज्यांची भाषणं दुसरी माणसं लिहून देतात, त्यांच्या डोळ्यांत बघून आपल्याला काय कळणार?

तरीही आपण ठरवतोच. आणि फार झटकन ठरवतो. 2005 मध्ये अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना अमेरिकन सिनेटच्या उमेदवारांचे फोटो दाखवले. दोघांपैकी जास्त कर्तबगार कोण वाटतो, एवढंच विचारलं. नाव नाही, पक्ष नाही, काम नाही. ज्याचा चेहरा कर्तबगार वाटला, तो प्रत्यक्षात साधारण 70 टक्के लढतींमध्ये जिंकलेला होता. मला हा निकाल अस्वस्थ करतो. ज्याला आपण ‘मला माणूस कळतो’ म्हणतो, त्यातलं बरंचसं जबड्याच्या ठेवणीवर चाललेलं असू शकतं.

कुणी म्हणेल, आपल्याला नाही कळत, पण तज्ज्ञांना कळत असेल. तोही प्रयत्न झालाय. 1964 मध्ये बॅरी गोल्डवॉटर अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. एका मासिकानं 12,356 मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं की हा माणूस मानसिकदृष्ट्या या पदाला लायक आहे का. 2,417 जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या 1,189 जणांनी ‘लायक नाही’ असं कळवलं. कुणी त्यांना वेडा ठरवलं, कुणी त्यांच्या बालपणात शिरलं. यांनी गोल्डवॉटर यांना कधी तपासलेलंच नव्हतं! गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे 1973 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियमच केला: ज्याला तुम्ही स्वतः तपासलेलं नाही, त्या सार्वजनिक व्यक्तीच्या मनाचं निदान जाहीरपणे करायचं नाही. आज तेच निदान आपण सगळे मोबाइलवर, रात्रंदिवस, करत असतो.

हेतू शोधण्याचा आणखी एक मोठा दोष आहे. ते कधी चुकतच नाही. नेत्यानं मदत केली, तर म्हणायचं प्रसिद्धीसाठी केली. नाही केली, तर दगडाच्या काळजाचा. गप्प बसला, तर कुठेतरी पाणी मुरतंय. बोलला, तर लक्ष दुसरीकडे वळवतोय. काहीही घडलं तरी आपलाच संशय खरा ठरतो. असा संशय नेत्याला त्रास देत नाही, कारण त्याला काही सिद्ध करावं लागत नाही आणि आपल्यालाही नाही. भक्तांचंही नेमकं हेच चालतं, फक्त उलट्या बाजूनं. साहेबांनी निर्णय घेतला तर दूरदृष्टी, मागे घेतला तर मनाचा मोठेपणा. दोघंही नेत्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंय असं धरून चालतात, आणि दोघांनाही मग कागद वाचायची गरज उरत नाही.

बरं, समजा हेतू कळला. मग तरी काय? जर्मनीचा चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क यानं 1883 मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, 1884 मध्ये अपघाताचा, 1889 मध्ये म्हातारपणाचं पेन्शन. त्याला कामगारांचा कळवळा आला होता म्हणून? त्यानं 1878 मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला होता, आणि या विम्यामागेही त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायचा हिशेब होता. हेतू सत्तेचा. पण आजारी पडलेल्या कामगाराला पैसे मिळाले ते खरेच होते, आणि पुढे कितीतरी देशांनी ती कल्पना उचलली. उलटंही घडतं. चेंबरलेनना युद्ध टाळायचं होतं, मनापासून टाळायचं होतं. त्या चांगल्या हेतूची किंमत चेकोस्लोव्हाकियानं मोजली.

मग नेत्याचा स्वभाव महत्त्वाचा नाही का? आहे, खूप आहे. सूडबुद्धी, लहर, क्रूरपणा, यांनी देश बुडालेत. पण स्वभाव कळतो तो वागण्याच्या नोंदीतून. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याचं पुढे काय होतं? बरोबरची माणसं टिकतात की दर वर्षी नवी येतात? जो उलटून काही करू शकत नाही, अशा माणसाशी तो कसा वागतो? हारल्यावर खुर्ची सोडतो का? या गोष्टी लपवणं अवघड असतं, आणि त्या बघायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

आणि नेते लपवतात, हे तर शंभर टक्के खरं. फ्रान्सचे फ्रांस्वा मितराँ 1981 मध्ये अध्यक्ष झाले. लपवाछपवी नको म्हणून दर सहा महिन्यांनी प्रकृतीचं पत्रक काढायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचं निदान झालं. पत्रकं निघत राहिली, प्रकृती उत्तम असल्याची. 1988 मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि आजार लोकांना कळला तो 1992 मध्ये. अकरा वर्षं! इथे चेहरा वाचून काहीच कळलं नसतं. विचारायला हवं होतं ते हे, की पत्रक कोण लिहितंय आणि लिहिणारा कुणाच्या हाताखाली आहे. ज्याची तपासणी करायची, त्याचाच डॉक्टर प्रमाणपत्र देतोय.

आता अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन. अविश्वासाचा याहून मोठा धनी सापडणं कठीण. 1950 पासून विरोधक त्यांना ‘ट्रिकी डिक’ म्हणत होते, म्हणजे कावेबाज डिक. बावीस वर्षं लोक त्यांच्या स्वभावावर बोलले, लिहिलं, व्यंगचित्रं काढली. परिणाम? नोव्हेंबर 1972 मध्ये निक्सन 50 पैकी 49 राज्यं जिंकले. तेही वॉटरगेटची घरफोडी, म्हणजे वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात निक्सनच्या माणसांनी केलेली घुसखोरी, जूनमध्ये होऊन गेल्यावर.

मग ते पडले कशानं? जुलै 1973 मध्ये या घरफोडीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीचे कर्मचारी अलेक्झांडर बटरफील्ड नावाच्या अधिकाऱ्याशी बोलत होते. बटरफील्ड व्हाइट हाउसमध्ये निक्सनच्या अगदी जवळ काम केलेले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपण होऊन सांगायचं नाही, पण कुणी थेट विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. आणि एकानं थेट विचारलं: तिथली संभाषणं रेकॉर्ड होत होती का? होत होती. 1971 पासून. 16 जुलैला तोच प्रश्न टीव्हीवर, सगळ्या देशासमोर विचारला गेला.

निक्सननी टेप द्यायला वर्षभर टाळाटाळ केली. 24 जुलै 1974 ला सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, द्याव्या लागतील. 5 ऑगस्टला ती टेप बाहेर आली, ज्यात अध्यक्ष स्वतः तपास दाबायच्या योजनेला होकार देताना ऐकू येतात. 9 ऑगस्टला ते पायउतार झाले.

तुमचा ज्या नेत्यावर सगळ्यात कमी विश्वास आहे, त्याच्याबद्दल कमेंटमध्ये एक प्रश्न लिहा. अट एकच: त्याचं उत्तर कागदावर, हिशेबात किंवा रेकॉर्डिंगमध्ये सापडण्यासारखं हवं. आणि मग तसाच एक प्रश्न तुमच्या सगळ्यात आवडत्या नेत्याबद्दलही लिहा. मी सगळे वाचणार आहे. ज्यांची उत्तरं उघड उपलब्ध कागदपत्रांत मिळतील, ती शोधून पुढच्या व्हिडिओत मांडणार आहे.