जोडणीची रात्र

(दृश्य : रात्र. पत्रे लावून अडवलेला खड्डा. दिव्याच्या उजेडात कापलेल्या जुन्या पाइपचं तोंड.)

पाण्याची जुनी मुख्य वाहिनी बदलून तिच्या जागी नवी जोडण्याचं हे काम. या जुन्या पाइपच्या आत बघा. बाहेरून जाड, दणकट. आत मात्र गंजाच्या गाठी, एकीवर एक चढलेल्या. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या पाइपला आतून अस्तर नसलं की वर्षानुवर्षं हेच होत राहतं. पाणी जायला मधे वाट उरली आहे ती एवढीशी. व्यास निम्मा झाला तर पाणीही निम्मं येईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तेवढ्याच दाबाला ते साधारण सहाव्या हिश्शावर येतं. टोकाच्या घरी नळ का करंगळीएवढा वाहतो, त्याचं कारण इथे आहे.

बीड तसं वाईट नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासाठी १७व्या शतकात टाकलेल्या बिडाच्या वाहिन्यांनी ३०० वर्षांहून अधिक काळ पाणी वाहिलं. पण बीड ठिसूळ. त्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि तडा त्या पापुद्र्यांवरून सरसर पुढे जातो. १९४३ साली वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळून पाहिलं, तेव्हा त्या पापुद्र्यांच्या बारीक गोळ्या झाल्या आणि लोखंड चिवट झालं. खड्ड्याशेजारी रचलेले काळे पाइप आहेत ते त्या लोखंडाचे. नाव डक्टाइल आयर्न, कामावर सगळे ‘डीआय’ म्हणतात. आतला राखाडी थर सिमेंटच्या अस्तराचा, म्हणजे गंजाला जागाच नाही.

(दृश्य : दिवस. पाइप साखळीने उचलून चरात उतरवला जातो. रबरी रिंग बसवणारे हात.)

पाइपच्या एका टोकाला रुंद गळा असतो. फिटर आधी तो गळा फडक्याने पुसतो, मग बोट फिरवून बघतो. वाळूचा एक कण राहिला तरी रिंग तिथे नीट बसत नाही आणि गळती सुरू होते, ती कळायला कधीकधी वर्ष जातं. मग रबरी रिंग, वर वंगणाचा हात, आणि दुसऱ्या पाइपचं टोक सरळ रेषेत आत. टोकावर रंगाची खूण आहे. ती गळ्याशी भिडली की सांधा पूर्ण झाला.

आता हे वळण. इथे काँक्रीटचा मोठा ठोकळा ओतलेला दिसतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, पाइपला एवढं काँक्रीट कशाला? ३०० मिलिमीटरचा पाइप काटकोनात वळतो आणि आत चौरस सेंटीमीटरला १० किलो दाब असतो, तेव्हा त्या वळणावर सुमारे १० टनांचा रेटा येतो. सांधा नुसता सरकवून बसवलेला आहे. ठोकळा नसेल तर वळण सुटून बाहेर येईल. आणि काँक्रीट मुरायला दिवस लागतात. चर बुजला, पाइप पडला, तरी जोडणी का करत नाहीत असं लोक विचारतात तेव्हा बऱ्याचदा या ठोकळ्याची वाट बघणं चालू असतं.

(दृश्य : दाबमापकाचा काटा. जवळून, बराच वेळ.)

पाइप हळूहळू भरला, उंचावरच्या व्हॉल्व्हमधून हवा काढली, पंपाने दाब चढवला. आता बघत बसायचं. काटा घसरला तर कुठला तरी सांधा पाझरतो आहे, आणि चर पुन्हा उघडायचा.

काटा टिकला तरी हे पाणी अजून पिण्याजोगं नाही. पाइप उघड्यावर पडून होता, त्यात माती गेली, माणसांचे हात लागले. म्हणून आधी जोराने पाणी सोडून तो धुतात, मग क्लोरीनच्या पाण्याने भरून ठेवतात. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या सी-६५१ या मानकातली एक पद्धत अशी : लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीन घालायचं, २४ तास थांबायचं, आणि शेवटी लिटरमागे किमान १० मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. ते पाणी काढून टाकल्यावर नमुना प्रयोगशाळेत जातो. जंतू आहेत की नाहीत हे कळायला तो साधारण एक दिवस उबेत ठेवावा लागतो. या दिवसांना घाई लावता येत नाही, आणि कोणी लावूही नये.

(दृश्य : पुन्हा रात्र. चेंबरचं झाकण उघडतं. चावीवाला लांब दांड्याची चावी लावतो.)

एवढं होईपर्यंत घरोघरी पाणी जुन्याच वाहिनीतून येत होतं. बंद होतं ते आज, जोडणीसाठी. चावीवाला फेरे मोजतो आहे. या मापाच्या व्हॉल्व्हला साधारण ४० फेरे लागतात आणि शेवटचे तो मुद्दाम सावकाश घेतो. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडवलं तर दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे १० किलोने उसळतो. एवढ्यात जुना पाइप फुटू शकतो.

फेरे पूर्ण झाले, तरी खड्ड्यात पाणी येतंच आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या खाचेत गाळ बसलेला असतो, झडप टेकत नाही. मग त्याच्याही मागचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, आणि पाणी बंदच्या नोटिशीत नाव नसलेल्या गल्लीचंही पाणी जातं. तिथल्या लोकांचा राग रास्त आहे. त्यांना कोणी कळवलेलंच नसतं.

आता पाइप रिकामा करायचा. ३०० मिलिमीटरच्या एक किलोमीटर वाहिनीत सुमारे ७० हजार लिटर पाणी असतं. ते उपसल्यावर कापणी, नवा तुकडा, बोल्ट. जोडायचा प्रत्येक भाग आतून एक टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसला जातो. बादली आणि फडकं घेतलेल्या या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण आपल्या पोटात जाणाऱ्या पाण्याची शेवटची राखण तो करतो.

(दृश्य : भांड्यांची रांग. जिन्यावरून बादली नेणारी बाई.)

घरात किंवा आवारात पाण्याची सोय नसलेल्या दर १० पैकी ७ घरांत पाणी आणण्याचं काम बायका-मुलींकडे असतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२३ साली सांगितलं. नळ बंद पडतो त्या दिवशी नळाच्या घरातही असंच घडताना दिसतं.

(दृश्य : स्वयंपाकघर. नळ, झाकणाचं भांडं, काचेचा पेला.)

पाणी बंद होण्याच्या आदल्या दिवशी पिण्याचं पाणी वेगळं भरा, अरुंद तोंडाच्या आणि झाकणाच्या भांड्यात, हात बुडणार नाही असं. वापरायचं बादल्यांत. मूलभूत गरजेला माणशी दिवसाला सुमारे २० लिटर धरतात. गीझर बंद ठेवा. नळ फिरवून पाणी नाही म्हणून तसाच उघडा सोडू नका. बादलीत बुडवलेली नळी काढून घ्या, कारण मुख्य वाहिनी रिकामी होताना ती बादलीतलं घाण पाणी मागे ओढून घेते. याच कारणाने रिकाम्या लाइनवर थेट पंप लावणं सगळ्यांत वाईट. सांध्यांबाहेरचा चिखल त्या ओढीने आत येतो आणि तो शेजाऱ्यांनाही प्यावा लागतो.

पाणी आलं की आधी टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. सगळ्यात खालचा, थेट लाइनवरचा नळ पूर्ण उघडा आणि गढूळ पाणी जाऊ द्या. मग नळाची जाळी काढून धुवा, त्यात वाळू अडकलेली असते. पेल्यात पाणी धरा. दुधासारखं दिसलं आणि तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. लालसर असेल तर गंज. त्यात पांढरे कपडे टाकू नका. शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळू द्या. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं.

(दृश्य : भिंतीवरची नोटीस. त्यावर एकच वेळ छापलेली.)

या नोटिशीवर काम संपण्याची वेळ आहे. लोकांना हवी असते ती दुसरी वेळ : वाहिनी भरून, धुऊन, पाणी प्यायला योग्य होण्याची. या दोन वेळांमधले तास पाणी न देण्याच्या हट्टाने जात नाहीत, ते धुण्यात आणि तपासण्यात जातात. नोटीस काढणाऱ्यांनो, दोन्ही वेळा छापा. मागचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला तर कुठल्या गल्ल्या कोरड्या पडतील, तेही आधीच लिहा. आणि आजारी माणूस असलेल्या घरी नुसता कागद चिकटवून जाऊ नका, दार वाजवून सांगा.