गाडीतला उजेड

[दृश्य : तळहातावर ठेवलेला जुना बल्ब, अगदी जवळून]

काचेची एवढीशी नळी. करंगळीच्या दोन पेरांएवढी. दोन्ही टोकांना पत्र्याच्या निमुळत्या टोप्या आणि मधोमध ताणलेली बारीक तार. गाडीचं दार उघडलं की डोक्यावरून जो पिवळसर उजेड पडतो, तो हिचा. नवी गाडी बघायला गेलेला माणूस मायलेज विचारतो, डिकी उघडून बघतो, सनरूफसाठी हट्ट धरतो. छतावरच्या दिव्याची चौकशी मात्र कुणी करत नाही. मग एखाद्या रात्री औषधाच्या गोळ्यांची पट्टी हातातून सुटून सीटखाली जाते, आणि डोक्यावर दिवा लागलेला असूनही मोबाइलचा टॉर्च काढावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस नाना पेठेत दिसतो.

[दृश्य : नाना पेठ, पुणे. स्पेअर पार्टची दुकानं, रस्त्यालगत उभ्या गाड्या]

पुण्यात गाडीचं काहीही लागलं की पाय इकडे वळतात. मुंबईकर त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतो. दुकानाच्या दारात एलईडीची पाकिटं टांगलेली असतात. पन्नास-शंभर रुपयांपासून ते हजाराच्या घरापर्यंत. प्रत्येक पाकिटावर ‘सुपर ब्राइट’ लिहिलेलं, त्यामुळे त्या दोन शब्दांना आता काही अर्थ उरलेला नाही.

गिऱ्हाईक विचारतं, “काका, यातला सगळ्यात जास्त उजेडाचा कुठला?”

काउंटरमागचे काका पाकीट काढत नाहीत. आधी विचारतात, “जुना बल्ब आणलाय का? आणि रात्रीचं चालवणं किती असतं तुमचं?”

पहिला प्रश्न मापाचा आहे. छतावरचा हा दोन टोकांचा बल्ब वेगवेगळ्या लांबीत येतो: ३१, ३६, ३९, ४१ किंवा ४२ मिलिमीटर, काही गाड्यांत त्याहून लांब. माप टोपीच्या टोकापासून टोपीच्या टोकापर्यंत घ्यायचं. ३९च्या जागी ३६चा घातला तर तो दोन पितळी पट्ट्यांमध्ये सैल बसतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला लुकलुकायला लागतो. ४१चा कोंबला तर पट्ट्या वाकतात, आणि वाकलेल्या पट्टीत पुन्हा मूळ बल्बही धड बसत नाही. आणखी एक गोष्ट दुकानात बघून घ्यावी. काचेची नळी गोल आणि सडपातळ असते, एलईडीची पट्टी रुंद. कितीतरी वेळा दिवा छान लागतो आणि वरचं कव्हर बसतच नाही.

काही गाड्यांत, विशेषतः पुढच्या सीटवरच्या वाचायच्या दिव्यांत, टोपीचा बल्ब नसून बिनटोपीचा, चपट्या बुडाचा काचेचा बल्ब असतो. त्याला टी-टेन म्हणतात. तोच बल्ब अनेक गाड्यांच्या पार्किंग लाइटमध्ये असतो, म्हणून दुकानात ‘पार्किंग बल्ब’ मागितला तरी तोच हातात पडतो.

[दृश्य : जुना बल्ब आणि एलईडी, शेजारी शेजारी पेटलेले]

आता हे दोन उजेड शेजारी ठेवून बघा. जुन्या बल्बमधली तार टंगस्टनची. ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते तेव्हा कुठे उजेड देते, आणि घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवते. ५ वॉटच्या अशा बल्बकडून साधारण ५० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो. एलईडी तेवढाच उजेड एका वॉटच्याही आत देऊ शकतो. जुन्या गाडीच्या रूम लाइटचं कव्हर काढून बघितलंत, तर बल्बच्या बरोबर वरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल. ते याच उष्णतेचं काम.

पण एलईडीच्या पांढऱ्या उजेडात एक मेख आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत निक होलोनियाक यांनी १९६२मध्ये बनवला. चांगला उजळ निळा एलईडी यायला त्यानंतर तीस वर्षं लागली. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या निळ्या चिपवर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पदार्थाचा थर देतात. काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, काही पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. निळ्याचा वाटा जास्त राहिला की उजेड थंड, निळसर. हलक्या मालात लाल रंगाचा भाग इतका कमी असतो की त्या उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारख्याच दिसतात. बाजारात ६००० केल्विनचा, म्हणजे याच थंड पांढऱ्या उजेडाचा माल सर्वात जास्त, कारण दुकानातल्या दिवसाउजेडी तोच झगझगीत दिसतो. ३००० केल्विनचा, म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर एलईडी, मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

[दृश्य : मल्टिमीटर. इंजिन बंद : १२.६. इंजिन चालू : १४.४]

पन्नास रुपयांचा आणि पाचशेचा एलईडी यांत फरक काय, ते या आकड्यांत आहे. आपण बारा व्होल्टची गाडी म्हणतो खरं, पण चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६च्या आसपास असते आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर १४, १४.४पर्यंत नेतो. स्वस्त पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात. प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट, म्हणजे ९ व्होल्ट त्यात गेले. उरलेले व्होल्ट करंटला आवर घालणाऱ्या एका छोट्या रेझिस्टरवर पडतात: इंजिन बंद असताना ३.६, चालू असताना ५.४. रेझिस्टर तोच, त्यामुळे करंट जवळजवळ दीडपट. दुकानात बॅटरीला लावून दाखवलेला एलईडी म्हणूनच झकास वाटतो आणि लांबच्या प्रवासात एकेक ठिपका बंद पडत जातो. त्यात अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात बंद उभी गाडी, जिच्या छताला हात लावला तर चटका बसतो. महागड्या एलईडीत करंट ठरावीक ठेवणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. पैसे त्याचे.

‘कॅनबस’ लिहिलेली पाकिटंही दिसतील. काही गाड्या, युरोपियन विशेषतः, बल्बमधून किती करंट जातोय ते तपासत असतात. एलईडीचा करंट इतका कमी की गाडीला वाटतं बल्बच गेला. म्हणून त्या एलईडीत जादा रेझिस्टर घालून करंट वाढवतात, आणि वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत घालवतात. साध्या छोट्या गाडीच्या रूम लाइटला सहसा याची गरज नसते.

[दृश्य : गाडीच्या आत. वायरमनचे हात, छतावरचा दिवा]

काम पाच मिनिटांचं आहे, पण घाईचं नाही. किल्ली काढलेली. दिव्याचा स्विच बंद. दारं बंद. बल्ब नुकताच जळत असेल तर थांबायचं. तो बोट भाजवतो. कव्हर उचकटायला आमचा वायरमन जुनं एटीएम कार्ड वापरतो. कार्डाचा कोपरा फटीत सरकवून हलकेच वळवतो, एक खटका येतो, मग दुसऱ्या बाजूला तेच. स्क्रू ड्रायव्हर तो मुद्दाम लांब ठेवतो. बऱ्याच गाड्यांत या दिव्याला प्लसचा सप्लाय कायम चालू असतो आणि दार उघडल्यावर दाराच्या स्विचमधून फक्त अर्थ, म्हणजे मायनसची बाजू, जोडला जातो. म्हणजे किल्ली खिशात असली तरी एक पट्टी जिवंत आहे. तिला आणि अर्थला स्क्रू ड्रायव्हरचं लोखंड एकदम लागलं की फ्यूज उडाला. अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर म्युझिक सिस्टिमचं घड्याळ आणि मेमरीही असते, त्यामुळे दिवा बदलायला घेतला आणि रेडिओ मुका झाला, असा प्रकार घडतो. आधी फ्यूजच काढून ठेवला तर प्रश्नच मिटतो.

एलईडी बसवला आणि लागलाच नाही, तर परत करायला दुकानात धावू नका. काढून उलटा बसवा. तारेच्या बल्बला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं.

दुसरी तक्रार येते ती दिवा बंद केल्यावरही मिणमिणत राहण्याची. दार लावल्यावर हळूहळू मंद होणारा दिवा ज्या गाड्यांत आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून अगदी किरकोळ करंट झिरपत असतो. तेवढ्यात टंगस्टनची तार तापतही नाही, पण एलईडी जागा राहतो. काही एलईडी मंद होताना थरथरतात किंवा एकदम विझतात. गाडीत बिघाड नसतो. खटकत असेल तर दुसऱ्या बनावटीचा एलईडी लावून बघावा.

एलईडीमुळे मायलेज वाढतं, असंही कुणी कुणी सांगतं. ऐकून सोडून द्यायचं. एकेक हेडलाइट ५५-६० वॉट खातो. छतावरच्या दहा वॉटचं पेट्रोल मोजायला कुणी बसत नाही. फायदा बॅटरीचा आहे. रात्री दार नीट लागलं नाही आणि १० वॉटचा बल्ब दहा तास जळत राहिला, तर साधारण ८ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ची. ती आधीच म्हातारी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. २ वॉटचा एलईडी त्याच रात्रीत दीड-पावणेदोन खातो. गाडी सुरू होते.

[दृश्य : रात्र. आंबोली घाट. पावसाळी धुकं. आतून समोरची काच]

काकांचा दुसरा प्रश्न होता रात्रीच्या चालवण्याचा. घाटात मागच्या सीटवरचं पोरगं म्हणतं, “बाबा, लाइट लावा ना, माझं बिस्किट पडलं.” बाबा लाइट लावतात आणि समोरच्या काचेत रस्त्याऐवजी स्वतःचा शर्ट, डॅशबोर्डवरचा गणपती आणि मागची सीट दिसायला लागते. आतला उजेड जितका जास्त, तितकं हे प्रतिबिंब ठळक. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि झगझगीत उजेड ती क्षणात घालवतो. अंधारात पाहण्याचं काम डोळ्यांतल्या ज्या पेशी करतात, त्यांच्यावर निळसर-हिरवट उजेडाचा परिणाम सर्वात जास्त होतो आणि लालचा सर्वात कमी. आपल्याकडे पायाजवळ हौसेने लावल्या जाणाऱ्या एलईडी पट्ट्या बहुधा निळ्याच.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर पिवळसर आणि बेताचा एलईडी लावा. दुकानातल्या फळीवर तो फिका वाटेल, वाटू द्या. बिस्किट त्यातही सापडतं.

रंगीत पट्ट्या लावायच्याच असतील तर जागा बघून लावा. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत आणि छताच्या कडेला अनेक नव्या गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तिच्या वाटेत वायर नको, पट्टी नको, गोंदही नको. ट्रिम, म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण, उघडल्यावर पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा, तो एअरबॅगचा. सप्लायसाठी मूळ वायर सोलून, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणारे आहेत अजून. त्याऐवजी फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र फ्यूज घालून सप्लाय घ्या. वायर कापली की वॉरंटीवर प्रश्न येतो, आणि सैल जोड तापतो तो वेगळाच ताप.

[दृश्य : डिकी उघडते]

उरली डिकी. इथला मूळ बल्ब बहुतेक वेळा सगळ्यात केविलवाणा, कोपऱ्यात एका बाजूला बसवलेला. सामान भरलं की तोही झाकला जातो. इथे मात्र हवा तेवढा पांढरा, हवा तेवढा झगझगीत एलईडी लावावा. त्या उजेडात कुणी गाडी चालवत नाही. पंक्चर झालेल्या रात्री जॅक आणि पाना इथेच शोधायचा असतो. शिवाय डिकीचा स्विच बिघडून आतला दिवा दिवसेंदिवस जळत राहिला तरी बाहेरून कळत नाही, आणि तिथे १० वॉट आणि २ वॉटमधला फरक थेट बॅटरीला जाणवतो. खिशात एकाच एलईडीचे पैसे असतील, तर आधी डिकीचा बदला.