टरफलाची आतली बाजू

(दृश्य : ओट्यावर फोडलेलं तपकिरी अंडं.)

ऑम्लेट झालं की टरफलं कचऱ्यात जातात, फार तर गुलाबाच्या कुंडीत. आज एक उचलून उलटं करा. बाहेरून तपकिरी, आतून पांढरं. आता ते व्हिनेगरमध्ये बुडवा. बुडबुडे येतील. अंगठ्यानं चोळलं की तपकिरी थर सुटून बोटाला लागेल.

घर बांधून झाल्यावर शेवटी रंगाचा हात मारतात, तसंच हे. कोंबडीच्या पोटात टरफल तयार व्हायला साधारण २० तास लागतात. माल कॅल्शियम कार्बोनेटचा, शहाबादी फरशीत असतो तोच. रंग चढतो तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत.

सगळ्या पक्ष्यांत मिळून रंगाचे मुख्य डबे दोनच. तांबूस-तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन आणि निळा-हिरवा बिलिव्हर्डिन. दोन्ही रक्ताच्या लाल रंगाचे नातलग. मार लागलेली जागा चार दिवसांनी हिरवट दिसते ना? तिथे बिलिव्हर्डिनच असतं.

आणि हो, कडकनाथची कातडी, हाडं काळी. अंडं मात्र फिकट, साईच्या रंगाकडे झुकणारं. काळ्या अंड्यांचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्या मामांना हे जरूर सांगा. बाजारात तपकिरी अंड्याला चार पैसे जास्त मोजतो, तेव्हा आपणही रंगाचेच मोजतो. रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पौष्टिकपणा त्यावरून कळत नाही.

(दृश्य : नांगरलेलं रान. कॅमेरा हळूहळू जमिनीलगत.)

इथे चार अंडी आहेत. दिसली?

टिटवी घरटं असं बांधतच नाही. ढेकळांत, खड्यांत जरासा खळगा करते. मातकट अंडी, त्यांवर काळे शिंतोडे. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. याउलट खंड्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो, पिंगळा झाडाच्या ढोलीत शिरतो. दोघांचीही अंडी पांढरीफटक. अंधारात लपवायचं कुणापासून?

(दृश्य : वेळासचा किनारा, रात्र.)

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत खड्डा करून एका बैठकीत शंभरेक अंडी घालते. दिसायला पिंगपाँगचे चेंडू. बोटानं दाबलं तर खळी पडते, पण तडा जात नाही. एकावर एक पडतात तरी फुटत नाहीत. या मऊ सालीतून ओल्या वाळूतलं पाणी आत मुरतं. रंगाचं नाव नाही. वाळूखाली रंग पाहणार कोण? पण सरपटणाऱ्यांचं अंडं मऊच, असं समजू नका. आपल्या भिंतीवरच्या पालीचं अंडं कडक असतं.

(दृश्य : काळ्या डोक्याच्या कुरवांची वसाहत.)

आता पुन्हा ती आतली पांढरी बाजू. पिल्लू बाहेर आलं की अंड्याचा मातकट वेष फुटतो आणि पांढरं लख्ख उघडं पडतं. हा कुरव, म्हणजे सीगल, फुटलेलं टरफल चोचीत धरून लांब नेऊन टाकतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६०च्या सुमारास इंग्लंडमध्ये अंड्यांजवळ मुद्दाम फुटकी टरफलं ठेवून पाहिली. कावळ्यांना ती अंडी जास्त सापडली.

तरी कुरव लगेच उठत नाही. तासभर थांबतो. पिल्लू ओलं असेपर्यंत शेजारचा कुरवच ते गिळून टाकू शकतो. पिसं वाळून फुलली, की मगच तो टरफल उचलतो.