ध्रुवाचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या देशात बनलेल्या हेलिकॉप्टरला ‘ध्रुव’ हे नाव सुचवणाऱ्याला दाद द्यावी की चिमटा काढावा, माझं अजून ठरत नाही. ध्रुव म्हणजे अढळ, आणि हेलिकॉप्टरचा तर सगळा जन्म हलण्यात! पण दोरानं जखमीला वर घेताना हवेत ठिय्या देऊन उभं राहावं लागतं, तेव्हा हा अढळच हवा.

बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं 1984 मध्ये जर्मन एमबीबी कंपनीची मदत घेऊन काम सुरू केलं. पहिलं उड्डाण 20 ऑगस्ट 1992. साडेपाच टनांचं, दोन इंजिनं, चार पाती. हेच जवान नेतं, हेच रुग्ण आणतं, आणि तोफ-रॉकेटं चढवली की याचाच ‘रुद्र’ होतो.

आता मला खरी सांगायचीय ती इंजिनाची गोष्ट. सुरुवातीला इंजिन होतं फ्रेंच. मग जास्त ताकदीचं म्हणून अमेरिकी इंजिन निवडलं, एका नमुन्याला बसवून उडवूनही पाहिलं. आणि आला मे 1998. 11 आणि 13 तारखेला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेनं निर्बंध लादले, इंजिन अडकलं. हेलिकॉप्टर तयार, इंजिन नाही! पुन्हा फ्रेंचांचंच दार ठोठावलं, त्यांच्याच जुन्या इंजिनावर 2002 मध्ये ध्रुव सैन्यात दाखल झाला.

पण सियाचिनचं काय? वर हवा विरळ. पात्यांना रेटायला हवा कमी, इंजिनाला जाळायला हवा कमी. दोन्हीकडून मार, श्रोतेहो, दोन्हीकडून! म्हणून त्याच फ्रेंच कंपनीबरोबर बसून नवं इंजिन घडवलं, ‘शक्ती’. जुनं हजार-अकराशे अश्वशक्तीचं, हे चौदाशेचं. जे विकत मिळेना, ते भागीदारीत बनवलं. उगाच ‘शंभर टक्के आपलंच’ म्हणून मिरवण्यापेक्षा मला ही भागीदारी जास्त आवडते.

सगळंच गोड नाही. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि सगळा ताफा महिनोन् महिने जमिनीवर राहिला. त्या काळात उंचावरच्या चौक्यांचा भार पडला तो जुन्या, एका इंजिनाच्या चीता-चेतक हेलिकॉप्टरांवर.