वजनकाट्यापासून खतावणीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेब विभागात इंटर्न म्हणून रुजू होताना बहुतेकांची समजूत असते, की दिवसभर स्क्रीनसमोर बसून आकडे भरायचे. भरावे लागतातच. पण इथला आकडा स्वस्थ बसत नाही. लोखंडी सळई गोदामात सहा महिने पडली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. पीठ ओल धरतं, भाजी सुकते, तेलाचं बिल लिटरमध्ये येतं आणि गोदाम ते किलोत मोजतं. शिवाय प्रत्येक खोक्यावर एक तारीख छापलेली असते. नवख्याच्या चुका निघतात त्या इथून.

सकाळ बँकेपासून सुरू होते. आदल्या दिवसाचं स्टेटमेंट काढायचं आणि बँकबुकाशी ओळ न् ओळ ताडून पाहायचं. दिलेले पैसे सहसा चटकन जुळतात. डोकं खातात ते आलेले. वितरक सात बिलांचे पैसे एकाच रकमेत पाठवतो आणि फुटलेल्या बाटल्या, परत केलेला माल, कसली तरी सूट, हे सगळं परस्पर कापून घेतो. अशा वेळी रक्कम जवळपास बसते म्हणून ती जुन्या बिलांवर ढकलून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळावा. वितरकाकडून तपशील मागवावा आणि तो येईपर्यंत रक्कम त्याच्याच खात्यात, पण कोणत्याही बिलाला न लावता ठेवावी. कापलेल्या रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम आपण वितरकाला सोडल्याचा कागद, निघाली नसेल, तर ती वसुली अजून बाकी आहे.

ताळा लागत नसेल, तर जुन्या कारकुनांची एक युक्ती आजही चालते. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का, ते पाहायचं. ५,४६३ च्या जागी ५,६४३ लिहिलं की फरक पडतो १८० चा, म्हणजे नऊ विसा. आकड्यांची अदलाबदल झाल्याची ही खूण. पक्का पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधावी. ती नावेऐवजी जमेला पडलेली असू शकते.

त्यानंतर पुरवठादारांची बिलं. इथे तीन कागद शेजारी ठेवायचे: पर्चेस ऑर्डर, गोदामाने माल उतरवून घेतल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल. ऑर्डरवरून दर पाहायचा, जीआरएनवरून वजन, आणि दोन्ही बिलाशी जुळले तरच ते पुढे सरकवायचं. ऐकायला सोपं आहे. आता तेलाचं बिल घ्या. बिलात १,००० लिटर, जीआरएनवर ९१८ किलो. नवखा इंटर्न ८२ ची तूट दाखवून पुरवठादाराला पत्र धाडतो. तूट नाहीच! खाद्यतेलाचं एक लिटर साधारण ०.९१ ते ०.९२ किलो भरतं. त्यातही टँकर उन्हात तापला असेल तर तेल फुगतं आणि लिटरमागे वजन आणखी थोडं कमी येतं. म्हणून तेलाचा सौदा वजनावर केलेला बरा.

पिठाचं उलटं होतं. ५० किलोची २०० पोती, म्हणजे बिल १०,००० किलोचं. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजा केलं, उरले ९,९६०. करारात अर्धा टक्का तूट चालते, म्हणजे ५० किलो. इथे ४०च कमी, बिल मंजूर करायला हरकत नाही असं वाटतं. पण त्या ९,९६० मध्ये बारदानही आहे. रिकामं पोतं १२० ग्रॅमचं धरलं तर २०० पोत्यांचे २४ किलो झाले. पीठ उतरलं ९,९३६ आणि तूट आहे ६४ किलो. आता डेबिट नोट, म्हणजे तुटीची रक्कम बिलातून कापल्याचं पुरवठादाराला कळवणारा कागद, काढावी लागते. तेवढ्यात वजनपावतीही नीट पाहून घ्यावी: ट्रक काट्याची पायरी किती किलोची आहे, म्हणजे तो किती किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, आणि रिकाम्या ट्रकचं वजन खरोखर त्याच दिवशी केलंय की जुन्या पावतीवरून उतरवलंय.

बिलांमधले आणखी दोन खड्डे. एकच बिल दोनदा चढतं, कारण आधी ईमेलने प्रत येते, मग टपालाने मूळ कागद. एकदा क्रमांक ००४५ भरला जातो, एकदा नुसता ४५, आणि सॉफ्टवेअरला ती दोन बिलं वाटतात. दुसरा खड्डा खोल आहे. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा पुरवठादाराच्या नावाने मेल आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर करायचा, आणि बदल साहेबांच्या सहीशिवाय करायचा नाही.

दुपारी गोदामात मोजणी असते. मोजणीच्या कागदावर पुस्तकी शिल्लक छापू नये. छापली की माणूस तोच आकडा मोजून परत येतो. २४ नगांचं खोकं फोडलेलं असेल तर आतले नग मोजावेत, अख्खं खोकं धरू नये. प्रत्येक रांगेचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहून घ्यावी, कारण इथे आधी आलेला माल आधी द्या हा नियम पुरत नाही. आधी संपणाऱ्या तारखेचा माल आधी बाहेर पडला पाहिजे. शीतगृहात लेबलांवर हिम साचतं, ते पुसून वाचावं, अंदाजाने लिहू नये.

परत आल्यावर ती यादी एक्सेलमध्ये भरताना एक गंमत होते. गंमत म्हणजे डोकेदुखीच. बॅच नंबर ‘०५ई१२’ असा इंग्रजी अक्षरांत टाकला की एक्सेल त्याला पाचावर बारा शून्यं असलेली संख्या समजतं आणि मूळ नंबर पुसून टाकतं. सुरुवातीची शून्यंही खातं. भरण्याआधीच तो स्तंभ टेक्स्ट करून ठेवावा. नंतर केल्याने गेलेला नंबर परत येत नाही.

आता उत्पादन खर्च. कच्चा माल १,००० किलो, दर ४५, खर्च ४५,०००. सुकवण्यात, सोलण्यात दहा टक्के घट नेहमीचीच, म्हणून हाती यायला हवेत ९०० किलो, आणि किलोला पडतात ५०. मजुरी, वीज सोपेपणासाठी सोडून देऊ. आज निघाले ८६० किलो. पुष्कळ जण ४५,००० ला ८६० ने भागून दर ५२ च्या वर नेतात. ते चूक. नेहमीची घट चांगल्या मालाच्या दरात मुरते. जास्तीचे ४० किलो, म्हणजे २,०००, थेट नफा-तोटा खात्यात तोटा म्हणून जातात. साठ्याविषयीचं आंतरराष्ट्रीय लेखामानक, आयएएस २, हेच सांगतं. नाहीतर यंत्र बिघडून वाया गेलेला माल साठ्याची किंमत फुगवत बसतो.

त्याच मानकानुसार साठा खर्चाच्या किंवा निव्वळ विक्रीमूल्याच्या, यांतल्या कमी आकड्याने दाखवायचा. ५० ला पडलेला माल तारीख जवळ आल्यामुळे ३८ ला विकावा लागणार आणि विकायला ३ खर्च येणार, तर पुस्तकात तो ३५. त्यासाठी एक्स्पायरी उलटायची वाट पाहायची नसते. मोठे दुकानदार आयुष्य थोडंच उरलेला माल घेत नाहीत, त्यामुळे किंमत तारखेच्या बरीच आधी पडते.

महिनाअखेरीला यात भर पडते ती माल आला पण बिल आलं नाही अशा नोंदींची आणि शीतगृहाच्या विजेच्या बिलाची. ते पुढच्या महिन्यात येतं, पण खर्च या महिन्याचा. मीटरचं वाचन घेऊन तरतूद करावी.

निघण्यापूर्वी प्रलंबित यादी. तिच्यात ‘जुळत नाही’ एवढंच लिहून जाऊ नये. ‘पीठ, २०० पोती, बारदान वजा केल्यावर तूट ६४ किलो, रिकाम्या ट्रकची वजनपावती गोदामाकडे मागितली आहे, उद्या अकरापर्यंत मिळेल’ असं लिहावं. म्हणजे इंटर्न उद्या रजेवर असला तरी शेजारच्या टेबलावरचा माणूस ती पावती मागून घेऊन डेबिट नोट काढू शकतो.