मॅक तीनचा ताप

निवेदन संहिता

दृश्य: हँगरमधलं काळं विमान. कॅमेरा पोटाखालून हळूहळू पुढे सरकतो.

हे लॉकहीडचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड. कुठल्याही विमानवेड्याला आवडतं टेहळणी विमान विचारा, बहुतेकदा पहिलं नाव हेच येतं. २८ जुलै १९७६ रोजी गाठलेला ताशी ३,५२९ किलोमीटरचा वेगही त्याला तोंडपाठ असतो. हा वेग पेलण्यासाठी जमिनीवर काय काय करावं लागलं, ते मात्र फारसं बोललं जात नाही. म्हणून आज आपण या पोटाखालीच थांबू. फिटर, वेल्डर आणि इंधनवाले जिथे राबत होते, तिथे.

दृश्य: वैमानिकासमोरची काच, अगदी जवळून.

आवाजाच्या तिप्पट वेगाने, म्हणजे मॅक तीनने, जाताना समोरची हवा दाबली जाते आणि तापते. पंचवीस किलोमीटर उंचीवर बाहेर कडाक्याची थंडी असते, तरी ही काच बाहेरून तीनशे अंश सेल्सिअसच्या वर जायची. म्हणून ती क्वार्ट्झची आहे. नेहमीचं ॲल्युमिनियम दीडशे अंशांच्या पुढे ढिलं पडतं. त्यामुळे विमानाचा बहुतेक सांगाडा टायटॅनियमचा करावा लागला. त्यातलं बरंचसं टायटॅनियम मधल्या कंपन्यांमार्फत सोव्हिएत संघाकडूनच आलं, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडूनच.

दृश्य: कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा लॉकहीडचा कारखाना, जुनं चित्रण. ड्रिलिंग, वेल्डिंग, धुलाई.

टायटॅनियम हा हट्टी धातू. सुरुवातीला ड्रिलचं एक बीट सतरा भोकं पाडून निकामी व्हायचं. बिटाची धार, ड्रिलचा वेग आणि वंगण सगळं नव्याने ठरवल्यावर तेच काम शंभर भोकांपर्यंत गेलं, आणि मग बिटाला पुन्हा धारही लावता येऊ लागली.

पुढे बोल्टची डोकी गळून पडायला लागली. बोल्ट नीट आवळलेले असायचे, पण चाचणीत भाग एक-दोनदा तापला की डोकं सुटायचं. दोष निघाला पान्यांचा. त्यांच्यावर कॅडमियमचा मुलामा होता. आवळताना त्याचा अंश बोल्टवर राहायचा आणि तापल्यावर टायटॅनियमला ठिसूळ करायचा. मग एकेक हत्यारपेटी उघडून कॅडमियमचा प्रत्येक पाना बाहेर काढला गेला.

सगळ्यात चिकाटीचा शोध होता पंखाच्या पत्र्यांचा. उन्हाळ्यात वेल्ड केलेले पत्रे लवकर तडकायचे, हिवाळ्यातले टिकायचे. कारागीर तेच, यंत्रं तीच, धातूही तोच. प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवलेली होती म्हणून माग काढता आला. शेवटी बोट नळाच्या पाण्यावर आलं. उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून बरबँकच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन वाढवायचे. त्याच पाण्याने पत्रे धुतले जात होते, आणि क्लोरीन टायटॅनियमचा वैरी. धुलाईला ऊर्ध्वपातित पाणी आलं आणि तडे थांबले. एवढ्या काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या माणसांची नावं विमानावर कुठेच नाहीत.

दृश्य: पंखाचा पृष्ठभाग, तिरप्या उजेडात.

पंखावर पुढून मागे गेलेल्या या बारीक पन्हळी पाहा. तापलेल्या पत्र्याला फुगायला जागा हवी. सपाट पत्रा वेडावाकडा झाला असता. पन्हळीचा पत्रा जरासा उंचावतो आणि थंड झाला की जागेवर येतो.

दृश्य: हँगरची फरशी, थेंब, खाली ठेवलेली परात.

ही गळती इंधनाची आहे. पंखांचा आणि धडाचा पत्रा हीच टाकीची भिंत. सांध्यांत सीलंट भरलेलं असतं, पण दर उड्डाणात तापून आणि निवून ते सुकतं, भेगाळतं. गळती पूर्ण बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून कुठल्या जागी मिनिटाला किती थेंब चालतील, हेच नियमात लिहिलेलं होतं. तंत्रज्ञ घड्याळ लावून थेंब मोजायचे. मर्यादा ओलांडली की टाकीत उतरून जुनं सीलंट खरवडायचं आणि नवं भरायचं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. उड्डाणानंतर लगेच हवेत इंधन भरायचे ते गळतीमुळे, असं सर्रास सांगितलं जातं. मुळात विमान हलकं ठेवून उडवायचे, म्हणजे एखादं इंजिन बंद पडलं तरी निभावता येईल आणि टायर-ब्रेकवर ताण कमी राहील. दुसरं कारण टाकीतल्या हवेचं. इतक्या तापलेल्या टाकीत हवा राहणं धोक्याचं. हवेत टाक्या काठोकाठ भरल्या की ती हवा बाहेर जायची आणि इंधन संपत जाईल तशी जागा नायट्रोजन घ्यायचा.

दृश्य: पहाट. इंजिनाखाली लावलेली गाडी. नळकांड्यात हिरवी झळक.

जेपी-७ हे इंधन पेटती काडी टाकली तरी सहज पेट घेत नाही. उष्णतेत टिकावं म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं. ते पेटवायला ट्रायएथिलबोरेन लागायचं. हवा लागली की हे रसायन आपोआप पेटतं, ती ही हिरवी झळक. प्रत्येक इंजिनामागे साधारण सोळा वेळा पुरेल इतकाच साठा. सुरुवातीला एक, आणि आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय, लावायचा तितक्या वेळा आणखी एकेक. हवेत इंधन भरून झालं की आफ्टरबर्नर पुन्हा पेटवायचा, म्हणून हा हिशेब वैमानिकाला डोक्यात ठेवावा लागे. खालच्या गाडीत ब्यूकची दोन व्ही-८ मोटारइंजिनं आहेत. विमानाच्या जे-५८ इंजिनाला पहिली गती तीच द्यायची.

दृश्य: इंजिनासमोरचा शंकू पुढे-मागे सरकतो.

आता या शंकूकडे नीट बघा. मॅक १.६ नंतर तो मागे सरकू लागतो आणि कमाल वेगापर्यंत साधारण ६६ सेंटिमीटर आत जातो. आवाजापेक्षा वेगात जाताना दाबल्या गेलेल्या हवेची जी धक्कालहर उठते, ती हवा आत घेणाऱ्या तोंडाशी नेमकी धरून ठेवायची, हे त्याचं काम. जमलं, तर वेगात असताना अर्ध्याहून जास्त रेटा या तोंडातूनच मिळतो. धक्कालहर निसटली, तर त्या बाजूचा रेटा क्षणात जातो, विमान एकीकडे हिसका मारतं आणि आतल्यांची हेल्मेटं काचेवर आपटतात. ऐंशीच्या दशकात डिजिटल नियंत्रण आलं तेव्हा हे हिसके जवळजवळ थांबले.

नाकात कॅमेरा किंवा रडार, बगलेत लांब भिंगांचे कॅमेरे. बत्तीस विमानं बांधली, बारा अपघातांत गेली, शत्रूला एकही पाडता आलं नाही.

दृश्य: मिग-२५ धावपट्टीवर.

याच तापावर मिग विमानं आखणाऱ्या सोव्हिएत मिकोयान-गुरेविच संस्थेने दुसरं उत्तर शोधलं: पोलाद. मिग-२५चा जवळपास ऐंशी टक्के सांगाडा वेल्ड केलेल्या निकेलयुक्त पोलादाचा आहे, टायटॅनियम जेमतेम नऊ टक्के. विमान जड झालं. पण पोलादाला तडा गेला तर तळावरचा वेल्डर तो सांधू शकतो, आणि आमच्या मते ही फार मोठी सोय आहे. मर्यादा होती इंजिनाची. मॅक २.८३ ही लक्ष्मणरेषा. त्यापुढे रेटलं तर इंजिन भंगारात जाण्याची भीती.

भारतीय हवाई दलाने हे टेहळणी विमान १९८१ मध्ये घेतलं आणि नाव दिलं गरुड. बरेलीच्या १०२ स्क्वाड्रनने ते पंचवीस वर्षं उडवलं. रशियातून सुट्या भागांचा पुरवठा आटल्यावरही ते उडत राहिलं, याचं श्रेय बरेलीच्या तंत्रज्ञांना द्यायलाच हवं. कारगिलच्या वेळीही ते कामावर होतं. १ मे २००६ रोजी ते निवृत्त झालं.

दृश्य: पालमचं हवाई दल संग्रहालय, विमानाचं नाक.

दिल्लीत पालमला गेलात तर त्यातलं एक बघायला मिळेल. आधी नाकाशी जा आणि कॅमेऱ्यांच्या खिडक्या शोधा. पाच आहेत: एक सरळ खाली पाहणारी, बाकीच्या चार तिरप्या. मग मागे जाऊन इंजिनांच्या नळकांड्यांत डोकवा. प्रत्येकाच्या तोंडात वाकून बसलेला माणूस सहज मावेल.