क्रुक्सच्या खोलीत
मालकाने झापलं आणि घरी येऊन पोराला बदडलं, की आपण लगेच म्हणतो वड्याचं तेल वांग्यावर. पण आज ज्या सीनबद्दल बोलायचंय तिथे ही म्हण बसतच नाही.

स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन', 1937 ची, छोटीशीच आहे, एका बैठकीत वाचून होते. कॅलिफोर्नियात सोलेदादजवळचा रँच, मंदीचे दिवस, पोटासाठी हिंडणारे मजूर. तिथे तबेल्यात क्रुक्स नावाचा काळा माणूस आहे, घोड्याच्या लाथेने पाठ वाकलेली, बाकीचे त्याला आपल्यात पत्तेसुद्धा खेळू देत नाहीत, का तर म्हणे वास येतो तुझा. याची खोली घोड्यांचं सामान ठेवतात तिथे, खिडकीखाली लिदीचा ढीग, आणि फळीवर पुस्तकं, त्यात एक फाटकी डिक्शनरी आणि 1905 चा कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा. कायदा, बघा!

शनिवारची रात्र, सगळे गावात गेलेत, आणि लेनी येतो. अंगाने बैल, डोक्याने लहान मूल, सोबत हिंडणाऱ्या जॉर्ज या मित्राशिवाय ज्याचं पान हलत नाही असा. क्रुक्स आधी हाकलतो, मग बसू देतो, जरा गप्पा होतात आणि मधेच म्हणतो, समज जॉर्ज परत आलाच नाही तर? लेनी घाबरतो. हा थांबत नाही, तुला वेड्यांच्या इस्पितळात नेतील, कुत्र्यासारखा गळ्यात पट्टा बांधतील, इथपर्यंत जातो, आणि लेनी उठून अंगावर यायला लागतो तेव्हा कुठे माघार घेतो.

आता यात राग कुठेय? लेनीने त्याचं काय बिघडवलंय? उलट रंगबिंग न बघता आत येऊन बसलेला तोच. मला वाटतं क्रुक्सला सूड नकोच होता, त्याला कधी नव्हे तो एक माणूस सापडला होता ज्याला त्याचा शब्द लागतो, आणि ते त्याला गोड लागलं. नंतर तो म्हणतो की अरे, मी माझ्याबद्दलच बोलत होतो, आणि ते खोटं नाहीये. पण छळताना त्याचा चेहरा खुलला होता असं लेखकाने लिहून ठेवलंय ना, ते कसं पुसणार?

मग मालकाची सून येते. अख्ख्या पुस्तकात तिला नाव नाही, कर्लीची बायको एवढंच, नवऱ्यासकट कुणी तिच्याशी धड बोलत नाही. क्रुक्स तिला खोलीतून जा म्हणतो, तर ती सुनावते की तुला झाडाला टांगायला लावणं माझ्या हातचा मळ आहे. त्या काळच्या अमेरिकेत ही पोकळ धमकी नव्हती, काळ्या माणसाला जमावाने खरंच फासावर चढवायचे. क्रुक्स 'येस मॅम' म्हणत भिंतीला चिकटतो. मघाशी लेनीकडे जे होतं ते आता याच्याकडे, म्हणजे फक्त भीती, आणि तिलाही त्या अख्ख्या रँचवर आपलं ऐकणारा तेवढा एकच सापडलेला.

जॉर्ज आणि लेनी स्वतःचं शेत घ्यायचं स्वप्न बघतायत, आणि थोड्याच वेळापूर्वी क्रुक्सने तुमच्या त्या शेतावर फुकट राबायला येईन म्हटलं होतं. ते विसरा, चेष्टा केली, असं सांगून तो सगळ्यांना वाटेला लावतो, शर्ट वर करतो आणि पाठीला औषध चोळत बसतो.